तुमच्या बायका कुठे आहेत?

(‘स्त्रिया आणि इतिहास’ या विषयावरील अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मला विषय दिला गेला तो ‘उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची युद्धं आणि त्यांचे नेते’ असा. तो ऐकल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर आलं ते लहानपणी सिनेमात आणि चित्रकथांत पाहिलेलं चित्र. डोक्याला पिसं, चेहऱ्याला रंग, घोड्यावरून आरोळ्या ठोकत येणारा पुरुष. बाई असलीच तर तंबूच्या दाराशी, पाठीला मूल बांधून उभी. पुढे इतिहास शिकवायला लागले तरी नेत्यांच्या यादीत नावं पुरुषांचीच. म्हणून आज सगळ्या खंडाचा इतिहास सांगत नाही. एकाच राष्ट्राची, चेरोकींची, गोष्ट सांगते. टोळी न म्हणता राष्ट्र म्हणते, कारण ते स्वतःला राष्ट्र म्हणवतात आणि अमेरिकेच्या सरकारनेही त्यांच्याशी करार केले ते राष्ट्र म्हणूनच.

१७५७ साली अटाकुल्लाकुल्ला नावाचा चेरोकी नेता इंग्रजांच्या साऊथ कॅरोलिना वसाहतीत गव्हर्नरशी व्यापाराच्या वाटाघाटी करायला गेला. बैठकीत सगळे पुरुषच पाहून तो चकित झाला. त्याने विचारलं, गोरा माणूसही बाईच्याच पोटी जन्मतो ना, मग तुमच्या सभेत बायका का नाहीत? आज आपण ज्यांना नेते म्हणून ओळखतो, त्यांपैकी किती जणांनी हा प्रश्न विचारला आहे, ते ज्याचं त्याने आठवून पाहावं.

त्याला तो प्रश्न पडला, कारण त्याच्या समाजाची रीतच वेगळी होती. चेरोकींची सात कुळं, आणि मूल आईच्या कुळाचं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला यायचा. आपल्याकडे घरजावई हा शब्द टोमणा म्हणूनच वापरतात; तिथे सगळेच जावई घरजावई. घर बाईचं, आणि मका, घेवडा, भोपळ्याचं शेत कसायचं तेही बायकांनी. शिकार आणि लढाई पुरुषांकडे. पण लढाईत पकडून आणलेल्या कैद्यांचं काय करायचं, त्यांना मारायचं की कुळात सामावून घ्यायचं, यात बायकांचा शब्द मोठा असे. सन्मान मिळवलेल्या बाईला ‘प्रिय स्त्री’ हे पद मिळे आणि तिला सभेत बोलायचा अधिकार असे.

अटाकुल्लाकुल्लाची भाची नान्येही ही अशीच एक ‘प्रिय स्त्री’. इंग्रजी पुस्तकांत ती नॅन्सी वॉर्ड या नावाने भेटते. १७५५ मध्ये शेजारच्या क्रीक लोकांशी झालेल्या लढाईत तिचा नवरा मारला गेला, तेव्हा तिने त्याची बंदूक उचलली आणि लढली, असं सांगतात. तेव्हा ती सतरा-अठरा वर्षांची होती. एवढ्यावर थांबलो तर ती आपली ‘रणरागिणी’ होते, तिचं चित्र आपण भिंतीवर लावतो आणि विसरून जातो. माझ्या मते तिचं खरं काम पुढे आहे.

१७७६ मध्ये तरुण चेरोकी योद्धे गोऱ्या वसाहतींवर चालून जायला निघाले. त्यांचा म्होरक्या ड्रॅगिंग कॅनू हा नान्येहीचा मामेभाऊ. त्याचं म्हणणं सरळ होतं. करारामागून करार होतात, प्रत्येक वेळी जमीन जाते, आता लढल्याशिवाय गत्यंतर नाही. नान्येहीने गोऱ्यांना हल्ल्याची आगाऊ सूचना पाठवली आणि जाळायला काढलेल्या एका गोऱ्या बाईला सोडवलं. काही जण तिला शांततेची माता म्हणतात, काही जण फितूर म्हणतात. मी यात निकाल देणार नाही. त्यानंतर काय झालं ते मात्र पाहा. व्हर्जिनिया आणि कॅरोलिनांच्या सैन्याने चेरोकींची गावंच्या गावं जाळली आणि उभा मका कापून टाकला. तो मका बायकांचा होता. इतिहासात त्याला ‘मोहीम’ म्हणतात, आणि मोजदाद होते ती मेलेल्या योद्ध्यांची. शेत आणि कणगी जळाली की हिवाळाभर पोरांना काय घालायचं, हा हिशोब बाईच्या डोक्यात असतो, कुठल्या वहीत नसतो. १७८१ मध्ये तहाच्या बोलणीत नान्येही अमेरिकन अधिकाऱ्यांसमोर उभी राहिली. आपण आया आहोत, दोन्हीकडची मुलं आपलीच आहेत, आणि आमचं हे बोलणं तुमच्या बायकांच्याही कानावर जाऊ द्या, असं ती म्हणाली. समोर एकही बाई नव्हती.

मग तोफांपेक्षा वेगळं हत्यार आलं. त्याचं नाव ‘सुधारणा’. नव्या अमेरिकन सरकारचं धोरण असं की पुरुषाला नांगर द्यायचा आणि बाईला चरखा आणि माग. अनेक बायकांनी चरखा आनंदाने घेतला. कापड हाताशी आलं, चार पैसे मिळाले. पण या वाटपात एक गोष्ट गृहीत होती. शेतकरी म्हणजे पुरुष, कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष, आणि सरकार बोलणार ते त्याच्याशीच. बाईला शेतातून घरात न्यायचं आणि पुरुषाला रानातून शेतात, म्हणजे शिकारीची जंगलं मोकळी होतात आणि विकत मागता येतात. पितृसत्ता आणि जमिनीची भूक इथे हातात हात घालून आल्या.

१८१४ मध्ये अँड्र्यू जॅक्सनने क्रीक लोकांमधल्या बंडखोरांवर हॉर्सशू बेंडची लढाई केली, तेव्हा शेकडो चेरोकी पुरुष त्याच्या बाजूने लढले. निष्ठा दाखवली तर आपली जमीन तरी वाचेल, हा त्यांचा हिशोब. सुमारे ८०० क्रीक मारले गेले आणि तहात क्रीकांची २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. चेरोकी योद्धे घरी परतले, तर मित्रपक्षाच्याच फौजांनी जाता-येता त्यांची गुरं आणि धान्य लुटलेलं. घरी कोण होतं? बायका.

मे १८१७ मध्ये नान्येही आणि आणखी बारा जणींनी राष्ट्राच्या सभेला निवेदन दिलं. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. निवेदनाचा आशय असा: आता आणखी जमीन देऊ नका, याच जमिनीवर आम्ही तुम्हाला वाढवलं, तुमच्या आया-बहिणी सांगताहेत. पुढच्या वर्षी पुन्हा निवेदन गेलं. पण १८१७ आणि १८१९ मध्ये करार झालेच, आणि जिथे ती वाढली ते चोटा गावही गेलं. १८२२ च्या सुमारास ती वारली.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. चेरोकी नेत्यांनी ठरवलं की गोऱ्यांना आपण त्यांच्यासारखेच सुधारलेले दिसलो तर ते आपल्याला हात लावणार नाहीत. १८०८ च्या कायद्याने बापाची मालमत्ता मुलांकडे जाऊ लागली. १८२७ मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना केली. तिच्यात मताचा अधिकार स्वतंत्र पुरुष नागरिकांना दिला. बायका बाहेर. आफ्रिकी वंशाचे लोकही बाहेर. ज्या समाजाच्या नेत्याने सत्तर वर्षांपूर्वी ‘तुमच्या बायका कुठे आहेत’ असं विचारलं होतं, त्या समाजाने आता स्वतःच्या बायकांना सभेतून काढलं. राष्ट्र वाचवण्यासाठी काढलं.

राष्ट्र वाचलं का? १८३० मध्ये जॅक्सन राष्ट्राध्यक्ष असताना हद्दपारीचा कायदा झाला. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला. तो अमलात आला नाही. १८३५ मध्ये मूठभर पुरुषांनी, कुणाचंही अधिकारपत्र नसताना, सगळी जमीन देण्याच्या करारावर सह्या केल्या. प्रमुख जॉन रॉसने विरोधाचा अर्ज नेला, त्यावर १५ हजारांहून अधिक नावं होती. पूर्वेकडच्या चेरोकींची लोकसंख्याच साडेसोळा हजार. म्हणजे त्यात बायका आणि मुलंही असणारच. ज्यांना मत नव्हतं त्यांची सही मात्र लागली! सिनेटने करार मंजूर केला, तोही फक्त एका मताच्या फरकाने. १८३८ मध्ये सैनिकांनी माणसांना घराघरांतून काढून छावण्यांत कोंडलं आणि पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, नेलं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४ हजार मेले असा अंदाज आहे. त्यालाच ‘अश्रूंची वाट’ म्हणतात.

मैत्रिणींनो, मी हे सांगताना एक सावधगिरी बाळगते. मातृकुळ होतं म्हणून सगळं रम्य होतं असं समजू नका. चेरोकींमधल्या श्रीमंतांकडे काळे गुलाम होते. १८३५ च्या गणतीत त्यांची संख्या सुमारे १,६०० होती. नान्येहीकडेही गुलाम होते असं सांगतात. ‘अश्रूंच्या वाटे’वर ते गुलामही चालले, मालकाचं ओझं वाहत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, ते आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. त्याच वर्षांत तेच सरकार पश्चिमेच्या मैदानांवर मूळ रहिवाशांशी लढत होतं. एका अन्यायाविरुद्ध उभं राहणारं सरकार दुसरा अन्याय करत असू शकतं. चेरोकी राष्ट्राने १८६६ च्या करारात मुक्त गुलामांना नागरिकत्व दिलं, आणि २००७ मध्ये मतदान घेऊन त्यांच्या वंशजांचं काढलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला, आणि २०२१ मध्ये राष्ट्राच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतली ‘रक्ताने’ नागरिक असण्याची अट काढली.

१८८७ च्या जमीन वाटपाच्या कायद्याने इतर अनेक राष्ट्रांची सामाईक जमीन तोडली. कुटुंबप्रमुखाला १६० एकर. लग्न झालेल्या बाईला चार वर्षं काहीच वेगळं नाही. उरलेली जमीन ‘जादा’ ठरली आणि गेली. १३ कोटी ८० लाख एकरांची १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख एकर झाली. हे वाचताना मला आपला सातबारा आठवला. ‘कुटुंबप्रमुख’ हा शब्द कागदावर किती निरुपद्रवी दिसतो!

पण गोष्ट तिथे संपत नाही. १९८० च्या दशकात बेल नावाच्या गावात लोकांनी स्वतः श्रम करून पाण्याची लाइन टाकली. ते काम उभं करणारी विल्मा मॅनकिलर १९८३ मध्ये उपप्रमुखपदाला उभी राहिली, तेव्हा बाई म्हणून तिला कडाडून विरोध झाला. बाईने पुढारीपण करणं आपल्या परंपरेत नाही, असं तिला तिच्याच लोकांनी ऐकवलं! १९८५ ते १९९५ ती चेरोकी राष्ट्राची प्रमुख होती. बाईला विसरायला दीडशे वर्षं पुरली होती.

आणि लढाई आजचीही आहे. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूळ रहिवाशांच्या न्यायालयांना बाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. याचा अर्थ काय? बाहेरून आलेल्या नवऱ्याने तिच्या गावात तिला मारलं, तर तिचं स्वतःचं न्यायालय हात बांधून बसणार. त्यासाठी बायका वर्षानुवर्षं लढल्या. २०१३ मध्ये घरगुती हिंसेपुरता आणि २०२२ मध्ये लैंगिक अत्याचारासह आणखी काही गुन्ह्यांपुरता तो अधिकार परत मिळाला, तोही अटींसह. राष्ट्राची सार्वभौमता आणि बाईची सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्यांनी दाखवून दिलं.

शेवटी माझा एक अनुभव. विस्थापितांच्या एका बैठकीत मी विचारलं होतं की बोलणीला जाणाऱ्या शिष्टमंडळात बाई का नाही. मोर्चात तर निम्म्याहून जास्त बायकाच होत्या. एक कार्यकर्ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “ताई, आधी मुख्य प्रश्न सुटू दे, मग बायकांचं बघू.” मी तेव्हा गप्प बसले. आज बसणार नाही. चेरोकी नेत्यांनी नेमकं हेच केलं होतं. जमीन वाचवण्यासाठी बायकांचा आवाज बाजूला ठेवला, आणि जमीनही गेली. आवाज ठेवला असता तर जमीन वाचली असती, असा दावा मी करणार नाही. समोर तोफा होत्या. पण ‘एकही एकर देऊ नका’ हे सभेला सांगत राहिल्या त्या बायकाच, आणि त्यांचं ऐकायची जागाच नंतर उरली नाही, एवढं तरी कागदोपत्री आहे.

तेव्हा पुढच्या वेळी शिष्टमंडळाची यादी वाचली जाईल, तेव्हा अटाकुल्लाकुल्लाचा प्रश्न आपणच विचारायचा. उठून, मोठ्याने. चर्चेसाठी एवढं मांडते आणि थांबते.