गिअर कटरची खरेदी आणि स्वस्ताईचा हिशेब

प्रवरेच्या काठावरील कोल्हार बुद्रुक हे गाव नगर-मनमाड महामार्गावर असून, लोणी-संगमनेरवरून घोटीकडे जाणारा रस्ताही येथूनच फुटतो. जवळच्या प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला आणि उसाच्या या पट्ट्यात शेतीबरोबर यंत्रांचाही वावर वाढत गेला. रसवंतीचा चरक असो, कडबाकुट्टी असो किंवा ट्रॅक्टरला जोडायचे एखादे अवजार असो, त्यातील गिअरचे दात झिजले किंवा तुटले की सारे काम अडते. आणि जुन्या यंत्राचा तयार गिअर बाजारात मिळेलच असे नसते. अशा वेळी घरालगतच्या शेडमध्ये लेथ आणि लहान मिलिंग मशिन बाळगणाऱ्या कारागिराचे लक्ष परदेशी, विशेषतः चिनी बनावटीच्या, कमी किमतीच्या गिअर कटरकडे जाते. ही खरेदी केव्हा परवडते आणि केव्हा अंगाशी येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गिअर कटर म्हणजे ज्याच्या दातांचा आकार गिअरच्या दोन दातांमधील खाचेसारखा घडविलेला असतो, असे चकतीच्या आकाराचे मिलिंग कटर होय. जोसेफ ब्राउन या अमेरिकी यंत्रकाराने १८६४ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या कटरचे वैशिष्ट्य असे की धार बोथट झाल्यावर दातांची केवळ पुढील बाजू घासली तरी खाचेचा आकार बदलत नाही. त्यामुळे चांगल्या पोलादाचे कटर अनेकदा धार लावून वापरता येते. मात्र ही पुढील बाजू केंद्राच्या रेषेतच घासली जावी लागते, अन्यथा आकार बिघडतो.

गिअरच्या दाताचे माप दोन पद्धतींनी सांगतात. मेट्रिक पद्धतीत पिच वर्तुळाच्या, म्हणजे दोन गिअर ज्या कल्पित वर्तुळांवर एकमेकांना स्पर्श करून फिरतात त्या वर्तुळाच्या, मिलिमीटरमधील व्यासाला दातांच्या संख्येने भागून जे उत्तर येते, त्यास मोड्यूल म्हणतात. इंची पद्धतीत याच्या उलट, पिच व्यासाच्या प्रत्येक इंचामागे किती दात पडतात हे मोजतात आणि त्यास डायमेट्रल पिच अथवा डीपी असे म्हणतात. श्रोत्यांनी कागद-पेन्सिल हाताशी घेतल्यास पुढील उदाहरण करून पाहता येईल. एखाद्या गिअरला ३० दात असून त्याचा बाहेरचा व्यास १२८ मिलिमीटर भरला, तर दातांच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या ३२ ने १२८ ला भागावे. उत्तर ४ येते, म्हणजे गिअर ४ मोड्यूलचा आहे. पण तितक्याच दातांच्या दुसऱ्या गिअरचा व्यास सुमारे १३५.५ मिलिमीटर भरला, तर उत्तर ४.२३ येते, जे प्रचलित मोड्यूलमध्ये बसत नाही. २५.४ ला ४.२३ ने भागल्यास ६ येतात, यावरून तो ६ डीपीचा, म्हणजे इंची मापाच्या यंत्रातील गिअर असल्याचे कळते. त्यासाठी ४ मोड्यूलचे कटर कितीही स्वस्त मिळाले तरी निरुपयोगीच ठरते.

यापुढची अडचण कटरच्या क्रमांकाची आहे. दातांची संख्या बदलली की खाचेची वक्रताही बदलते. परंतु प्रत्येक संख्येसाठी वेगळे कटर ठेवणे परवडणारे नसल्याने एका मापासाठी आठ कटरांचा संच ठरविण्यात आला असून, त्यातील प्रत्येक कटर दातांच्या ठराविक पट्ट्यासाठी चालते. २६ ते ३४ दातांसाठी एक, २१ ते २५ साठी दुसरे, १२ व १३ साठी आणखी एक, अशी ही विभागणी आहे. मात्र इंची पद्धतीत १३५ दातांपासून सरळ रॅकपर्यंतच्या, म्हणजे दात असलेल्या सरळ पट्टीपर्यंतच्या, कटरला पहिला क्रमांक आणि १२-१३ दातांच्या कटरला आठवा क्रमांक देतात, तर मोड्यूलच्या कटरांत हा क्रम सामान्यतः नेमका उलटा असतो. म्हणून ३० दातांसाठी डीपी संचातील चौथे, तर मोड्यूल संचातील पाचवे कटर लागते. जुन्या इंची तक्त्यावरून मोड्यूलचे चौथे कटर मागविणाऱ्याच्या हाती २१ ते २५ दातांचे कटर पडते. यास्तव मागणी नोंदविताना क्रमांकापेक्षा दातांचा पट्टा लिहिणे आणि कटरच्या अंगावर कोरलेला पट्टा वाचणे अधिक भरवशाचे होय. त्याचप्रमाणे दाबकोन, म्हणजे दात एकमेकांना ज्या कोनात रेटतात तो कोन, तपासावा लागतो. आज २० अंशांचा कोन सर्वत्र रूढ असला तरी जुन्या यंत्रांत साडेचौदा अंशांचे गिअर आढळतात आणि ही दोन जातींची चाके एकमेकांत नीट बसत नाहीत.

किमतीच्या हिशेबात कटरबरोबर इतर गोष्टीही धरल्या पाहिजेत. कटरचे भोक २२, २७ किंवा ३२ मिलिमीटरचे असेल तर त्याच मापाचा आर्बर, म्हणजे कटर धरणारा दांडा, हवा. शिवाय हायस्पीड स्टीलचे ८० मिलिमीटर व्यासाचे कटर साध्या पोलादावर मिनिटाला सुमारे ८० फेऱ्यांनी चालवावे लागते. ज्या लहान मशिनचा किमान वेगच दोन-तीनशे फेऱ्यांवर थांबतो, त्यावर चांगले कटरही धार गमावते. परदेशातून थेट मागविल्यास सीमाशुल्क नुसत्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या मूल्यावर आकारले जाते आणि त्यावर एकात्मिक जीएसटी लागतो. व्यवसायासाठी आयात करणाऱ्यास विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांकही घ्यावा लागतो. हे सारे जमेस धरले की मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरील दुकानातून, हातात घेऊन पारखलेले कटर पुष्कळदा तेवढ्यातच पडते.

कटर आल्यावर ते थेट कामाला लावू नये. आर्बरवर चढवून डायल गेजने ते गोल फिरते की नाही हे पाहावे, कारण ते गोल फिरत नसेल तर एकाच दातावर भार येऊन कटर लवकर बोथट होते. त्यानंतर ॲल्युमिनियमच्या किंवा नायलॉनच्या चकतीवर चाचणी घ्यावी. मघाच्या ४ मोड्यूलच्या ३० दाती गिअरसाठी खाचेची खोली ९ मिलिमीटर ठेवावी. चाळीसास एक प्रमाणाच्या डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे चकती समान भागांत फिरविणाऱ्या साधनावर, प्रत्येक दातामागे एक पूर्ण फेरी आणि अठरा भोकांच्या वर्तुळावर सहा भोके पुढे सरकावे. लागून असलेल्या चार दातांवर व्हर्निअरचे जबडे बसविल्यास, २० अंशांच्या गिअरवर, ४३.०१ मिलिमीटरच्या जवळचे, किंचित कमी माप मिळाले पाहिजे. ते त्याहून जास्त भरल्यास कटर आणखी खोल जाणे आवश्यक आहे, आणि पूर्ण खोलीवरही माप फार चुकत असल्यास मशिनची मांडणी तपासून मगच कटरवर शंका घ्यावी.

एकच गिअर कापावयाचा असेल, तर कोणतेही आयात कटर स्वस्त ठरत नाही. अशा वेळी तुटलेल्या गिअरच्या धड राहिलेल्या खाचेबरहुकूम टूलबिट घासून एकदाती फ्लाय कटर करणे किंवा हॉबिंग मशिन असलेल्या कारखान्यातून गिअर कापून आणणे हेच श्रेयस्कर. कारण हॉब, म्हणजे हॉबिंग मशिनवरील स्क्रूसारखे कटर, एका मोड्यूलचे कोणत्याही संख्येचे दात कापतो आणि आठ कटरांच्या संचातील तडजोड त्यात राहत नाही. मात्र एकाच मोड्यूलचे काम वारंवार येत असेल, तर आठांचा संच एकदम न घेता गरजेच्या पट्ट्याचे एकेक कटर घ्यावे. मोजमाप आधी, मागणी नंतर आणि भावाची घासाघीस सर्वांत शेवटी, हा क्रम पाळणाऱ्यालाच परदेशी कटरची स्वस्ताई लाभते.