पुलाची राखण



 अभियंत्यांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मार्गनिर्मितीचा आढावा घेणे माझ्याकडे आले आहे. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेली समिती, तिच्या शिफारशींतून १९३४ साली जन्मलेली इंडियन रोड्स काँग्रेस, १९४३ ची नागपूर योजना आणि आपल्या डोळ्यांदेखत झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, हे टप्पे आपणां सर्वांस मुखोद्गत आहेत. म्हणून तो आढावा येथेच आटोपतो, कारण अनेक वर्षे मनात साठलेली एक गोष्ट आज मला बोलावयाची आहे. आम्ही पूल बांधणाऱ्याचा सन्मान केला आणि पूल राखणाऱ्यास आमच्या आस्थापनेतून हद्दपार केले.

सकाळच्या सत्रात पुलांच्या राखणीसाठी यंत्रे श्रेष्ठ की माणसे, यावर पुष्कळ वाद झाला. त्याकडे वळण्यापूर्वी राखण कशापासून करावयाची, ते पाहू. पुराचा लोंढा खांबाला अडला म्हणजे खाली वळतो आणि पायथ्याची वाळू, गोटे उपसून काढतो. पाणी ओसरू लागताच तोच खड्डा नव्या, सैल गाळाने भरून निघतो, आणि उन्हाळ्यात पाहणीस गेलेल्या अधिकाऱ्यास नदीचा तळ पूर्ववत सपाट दिसून तो ‘सुस्थितीत’ असा शेरा मारतो. पाया धोक्यात आहे की नाही, हे पुरातच कळते.

मी शाखा अभियंता असताना कोकणातील एका दगडी कमानींच्या पुलावर एक वृद्ध मैलकुली होता. त्याच्याजवळ हाता-हातावर गाठी मारलेला सुंभाचा दोर असे आणि दोराच्या टोकाला जुन्या तराजूचे पाचशेरी वजन. पावसाळाभर तो कठड्यावरून प्रत्येक खांबाशी दोर सोडी आणि उतरलेल्या गाठी ध्यानात ठेवी. एका श्रावणी रात्री तो भिजत माझ्या बिऱ्हाडी आला आणि म्हणाला, “साहेब, दोर तिरका जातो ते धरूनसुद्धा कालच्यापेक्षा तीन गाठी जास्त उतरल्या.” मी तत्काळ दोन्ही टोकांना डांबराची पिंपे आडवी लावून, वर लाल कंदील ठेवून वाहतूक बंद केली. दुसऱ्याच दिवशी, परवानगीवाचून रस्ता का अडविला, असा खुलासा वरून मागविण्यात आला. पाणी उतरल्यावर गाळ उपसून पाहिले तेव्हा खांबाच्या एका कोपऱ्याखाली, पायाच्या दगडांच्या खालून, माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढी पोकळी होती. ती भरून काढली आणि पूल वाचला. मैलकुली निवृत्त झाला तेव्हा मात्र त्याची जागा भरली गेली नाही.

यंत्रे अवश्य आणावीत. परंतु मध्यरात्री यंत्राने दिलेला इशारा वाचणारा, आणि वाचून रस्ता अडविण्याचा अधिकार असलेला, असा माणूस पुलाशी कोण आहे, याचे उत्तर सकाळच्या त्या वादात कोणी दिले नाही. राखणीची गरज तर दोन दुर्घटनांनी दाखवून दिली आहे. पणजीचा मांडवीवरील पूल १९८६ च्या जुलैत कोसळला तेव्हा त्याला दोन दशकेही झाली नव्हती. खाऱ्या हवेत त्याच्या पोटातील पोलादी तारा गंजत होत्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात जुना दगडी पूल गेला आणि अंधारात राज्य परिवहनच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्या ठिकाणी नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे पैसा, मनुष्यबळ आणि मंजुरी यांपैकी कशाचीही वानवा आमच्याकडे नाही; वानवा आहे ती उभ्या असलेल्या पुलाविषयीच्या आस्थेची. देखभालीच्या तरतुदीला मार्चअखेर प्रथम कात्री लागते, आणि त्याविरुद्ध आम्ही ब्रही काढीत नाही, याचा मला मनस्वी संताप येतो.

पूरकाळातील खोलीची नोंदवही, मैलकामगारांच्या जागांचे पुनरुज्जीवन आणि अन्यत्र वळविता न येणारी देखभालीची तरतूद, यांविषयीच्या ठरावाचा मसुदा परिषदेने करावा. तपशील परिषदेची समिती ठरवील. परंतु ठरावाची वाट न पाहता, येथे उपस्थित असलेल्या प्रत्येक कार्यकारी अभियंत्यास माझी हात जोडून विनंती आहे की, मृग लागण्यापूर्वी त्याने आपल्या विभागातील पूरप्रवण पुलांवर रात्रीचा माणूस नेमावा, वाहतूक थांबविण्याचा लेखी अधिकार त्याच्या हाती द्यावा, आणि त्याने तो वापरला तर त्याच्याकडून खुलासा मागू नये.