गोधडीही कलाच आहे

मैत्रिणींनो, “कॉलेजातलं व्याख्यान आपल्याला काय करायचं?” असं आपणच म्हणतो. तर ऐका. अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचं छोटं कॉलेज आहे, १८५५ सालचं. तिथं शिकवणीची फी नाही. प्रत्येक मूल शिकता शिकता काम करतं. सव्वाशे वर्षांपूर्वी डोंगरातल्या बाया घरी विणलेल्या चादरी कॉलेजाला देत आणि त्यावर लेकरं शिकत. ते विणकाम तिथं आजही शिकवतात. व्याख्यानं, गाण्याचे कार्यक्रम गावालाही फुकट खुले असतात. मग आपली गोधडी काय कमी आहे? जवळच्या कॉलेजात जाऊन विचारा, “आम्ही आलो तर चालेल का? आमच्या गोधड्या मांडू का?” आणि गेलात की दाराशी उभ्या राहू नका, पुढं बसा.