बाळंतविड्यात काय असावं?

घरात पाळणा हलणार म्हटलं की सातव्या महिन्यापासून याद्या सुरू होतात. दुकानातली यादी मात्र दरवर्षी लांबतच चालली आहे आणि ती पुरी करायला कर्ज काढणारी घरं मी पाहते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बाळाला ऊब, आईचं दूध, स्वच्छता आणि लक्ष ठेवणारं माणूस हवं. पैसा बेताचा असेल तर तो आधी आईच्या ताटात जावा.

ऊब आणि लक्ष ठेवणारं माणूस किती मोलाचं, हे गडचिरोलीत सिद्ध झालेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. गावातल्याच बायका शिकून तयार झाल्या. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, अशक्त बाळासाठी उबदार झोळणा आणि जंतुसंसर्ग झालाच तर द्यायची औषधं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते.

म्हणून ऊब पहिली. बाळाच्या पोटाला हाताची मागची बाजू लावा, मग तळपायांना. दोन्ही उबदार असले तर बाळ ठीक आहे. पोट गरम आणि पाय गार लागले, तर टोपडं-मोजे घाला आणि आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून वरून शाल लपेटा. पोटही गार लागलं तर असंच छातीशी धरून तडक दवाखाना गाठा. पहिली अंघोळ निदान चोवीस तास तरी थांबू द्या.

कपड्यांचं म्हणाल, तर आजीचं जुनेर. खूप वेळा धुतलेलं सुती लुगडं इतकं मऊ होतं, की नव्या कापडाला ती सर नाही. त्याची दुपटी करा, लंगोट करा. तान्हं दिवसातून सहा-आठ वेळा तरी ओलं करतं आणि पावसाळ्यात वाळत नाही, तेव्हा लंगोट दोन-तीन डझन हवेतच. झबली मात्र सहा-सातच पुरे, तीही पुढून बांधायची. जन्माचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं. हौसेनं घेतलेली डझनभर झबली घडीसुद्धा न मोडता लहान होतात. भावाबहिणींच्या मुलांचे कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून बिनदिक्कत घाला. तयार डायपर रात्री किंवा प्रवासात वापरायला माझी हरकत नाही.

नवं काय घ्याल? एक डिजिटल थर्मामीटर. बस. दुधाची बाटली तर आणूच नका. पहिल्या तासात चीक, मग सहा महिने फक्त अंगावरचं दूध. काढून ठेवलेलं पाजायचं तर वाटी-चमचा उकळता येतो, बुचाच्या खाचा नीट घासता येत नाहीत. आपल्याकडे १९९२च्या कायद्यानं बाटल्यांच्या आणि दूधपावडरीच्या जाहिरातीवर बंदी आहे, ती उगाच नाही. अंगाला लावायच्या पावडरचा डबा नको, ती श्वासातून आत जाते. काजळात शिसं असू शकतं. बाळ वर्षाचं होईपर्यंत मध चाटवू नका. पाळण्यात उशीही नको. लसी सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, वजन अंगणवाडीत होतं.

वाचलेल्या पैशाची भाकरी, पालेभाजी, अंडी, दूध, डाळ बाळंतिणीच्या पानात पडू द्या. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस चालू ठेवायच्या असतात, त्याही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या वेळेवर घेतल्या जातात का, हे नवऱ्यानं बघावं.

आणि इथं बसलेल्या आत्या, मावश्या, काका मंडळींना माझी एक विनंती आहे. येत्या बारशाला आठ जणांनी आठ फ्रॉक आणण्याऐवजी पैसे एकत्र करा आणि लंगोट धुवायला येणाऱ्या बाईंचा दोन महिन्यांचा पगार देऊन टाका. तेवढा वेळ ती बाळंतीण झोपेल.