आधी पाठ चाचपा

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, निरनिराळ्या राज्यांतून आलेले शास्त्रज्ञ आणि पशुवैद्यक, विद्यार्थी मित्रहो आणि मेंढ्यांच्या वाड्याची राखण घरच्यांवर सोपवून आलेल्या मेंढपाळ बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपलं फलटणनगरीत मनःपूर्वक स्वागत करतो. मेंढीच्या प्रजननावर बोलायला हे गाव योग्यच. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली इथे निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. सुंदरबनातल्या गरोल मेंढीकडचा जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणण्याचं काम याच संस्थेत झालं आणि त्यातून 'नारी सुवर्णा' घडली.

पण या कामाने आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली. एका वेळी दोन बीजांडं सुटणं जनुकाच्या हाती असेल. मेंढी वेळेवर माजावर येणं, दोन्ही कोकरं पोटात वाढणं आणि जन्मल्यावर त्यांना दूध पुरणं हे खुराकाच्या हाती आहे. म्हणून या परिषदेचा विषय आहे पोषण आणि प्रजनन-संप्रेरकं.

उपाशी मेंढीचा मेंदू आधी तिचा स्वतःचा जीव सांभाळतो. अंगावर चरबी नसली की चरबीतून स्रवणारं लेप्टिन घटतं, रक्तातलं इन्शुलिन उतरतं. मेंदूतून जीएनआरएच हे संप्रेरक ठेक्याठेक्याने सुटतं, तो ठेका मंदावतो. मग पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच हे संप्रेरक पुरेसं येत नाही, बीजांडं पिकत नाहीत आणि १७ दिवसांचं ऋतुचक्र अडतं. अशा मेंढीला माजावर आणायला प्रोजेस्टेरॉनचा स्पंज बसवला, १२-१४ दिवसांनी काढून इंजेक्शन दिलं, तरी हाती फारसं लागत नाही. खर्च मात्र मेंढपाळाच्या माथी बसतो.

उलट, नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवला की सुटणाऱ्या बीजांडांची संख्या वाढते. ऑस्ट्रेलियात ल्युपिनचे दाणे चारून केलेल्या प्रयोगांत तर वजनात फरक दिसण्याआधीच, काही दिवसांत, हा परिणाम दिसला. आपल्याकडे ल्युपिन नाही. पण मका आहे, पेंड आहे, सुबाभूळ आहे, बाभळीच्या शेंगा आहेत.

मात्र अतिरेक इथेही नडतो. फळल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत भरमसाट चारलं तर यकृतातून रक्त जोरात फिरतं, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन तिथेच झपाट्याने मोडतं आणि कोवळा गर्भ दगावण्याचा धोका वाढतो. आणि नराला विसरू नका. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला जवळजवळ दोन महिने लागतात. त्याचा खुराकही तितका आधी सुरू व्हायला हवा.

मेंढीचं अंग पुरेसं भरलं आहे का, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. शेवटच्या बरगडीच्या मागे, कंबरेवर बोटं दाबून मणक्याची टोकं किती टोचतात ते पाहायचं आणि १ ते ५ मध्ये गुण द्यायचे. फळवताना ३ च्या आसपास गुण असावेत. आमच्या धनगर बांधवांचा हात मेंढीच्या पाठीवरून पिढ्यान् पिढ्या फिरत आला आहे. आता त्या हाताच्या अंदाजाला आकडा जोडायचा आहे.

दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या आणि पावसाच्या तोंडावर माघारी येणाऱ्या वाड्यांना बांधीव गोठ्यातला आहाराचा तक्ता उपयोगी पडत नाही. चराईच्या जागा आक्रसत आहेत, झाडपाल्यावर बंदी येते, पेंड महागते. तेव्हा शास्त्रज्ञांना माझी यजमान म्हणून एकच विनंती : फिरत्या कळपाला झेपेल असा सल्ला द्या. कोणत्या महिन्यात पाठ चाचपायची, किती गुणांच्या मेंढ्या वेगळ्या काढायच्या, त्यांना काय आणि किती दिवस चारायचं, हे एका पानावर मराठीत लिहून द्या. ते पान वाड्यावाड्यांत पोचवायची जबाबदारी स्वागत समिती घेते.

निवासाची, जेवणाची व्यवस्था आम्ही कुवतीप्रमाणे केली आहे. काही उणं राहिलं असेल तर पदरात घ्या, पण सांगायला संकोच करू नका. पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करतो आणि उद्घाटकांना परिषदेचं उद्घाटन करण्याची विनंती करतो.