"धडा कोणता ते सांगा, मग येते मला": दहावीच्या गणिताचा सराव

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना गणितं वहीत उतरवायला वेळ मिळत नाही, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून आकडे इथे जसेच्या तसे दिले आहेत.)

आजचा भाग दहावीवाल्यांसाठी. नववीतले ऐकत असतील तर उत्तमच, तुमच्याकडे एक वर्ष जास्त आहे.

लाखांदूरकडची एक मुलगी माझ्याकडे गणिताला येते. पुस्तकातला एकही सरावसंच तिने सोडला नाही, वही बघाल तर मोत्यासारखी. सराव पेपरात मात्र ४० पैकी १४. पेपर घेऊन आली आणि एका उदाहरणावर बोट ठेवून म्हणाली, "सर, हे कोणत्या धड्यातलं आहे तेवढं सांगा, मग येते मला." मी धड्याचं नाव सांगितलं. तिने चार मिनिटांत सोडवून दाखवलं, बरोबर!

मग अडलं कुठे? गणित तिला येत होतं. ते कुठलं गणित आहे, हे ओळखता येत नव्हतं. आणि बोर्डाच्या पेपरात धड्याचं नाव छापलेलं नसतं, बाबा.

आपण सराव कसा करतो बघा. 'वर्गसमीकरणे' हा धडा काढला, सरावसंच २.१ केला, मग २.२, मग २.३. पहिलं उदाहरण विचार करून सुटतं, दुसरं पहिल्याकडे बघून. तिसऱ्यापासून हात आपोआप चालतो. वरती धड्याचं नाव आहे, म्हणजे वर्गसमीकरणच मांडायचं हे आधीच ठरलेलं. विचार करायचा सगळ्यात अवघड भाग पुस्तकानेच करून टाकला ना! त्यात पुस्तकाची चूक नाही. नवीन रीत शिकताना एकाच प्रकारची पाच-सहा उदाहरणं लागतातच. पण तेवढ्यालाच आपण 'सराव झाला' म्हणतो, तिथे घोटाळा होतो.

यावर अमेरिकेत नीट प्रयोग झाले आहेत. डग रोरर आणि केली टेलर या दोघांनी २००७ मध्ये एक प्रसिद्ध केला. कॉलेजच्या पोरांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची सगळी उदाहरणं सलग केली, दुसऱ्या गटाने तीच उदाहरणं मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर! पुढे २०२० मध्ये रोरर यांच्याच गटाने सातवीच्या ५४ वर्गांवर असाच प्रयोग केला. महिनाभरानंतरच्या परीक्षेत मिसळून सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के मिळाले, सलगवाल्यांना ३८.

यातली पहिली जोडी नीट बघा, ८९ आणि ६०. मिसळून सराव करताना तुम्ही जास्त चुकणार. 'आपल्याला काहीच येत नाही' असं वाटणार. तिथेच बहुतेक पोट्टे सोडून देतात आणि परत सलग सरावसंचाकडे वळतात, कारण तिथे बरं वाटतं.

आता आपल्या मातीतली उदाहरणं घेऊ. वही काढा, नाहीतर हे नुसतं ऐकून काही उपयोग नाही.

वैनगंगा घ्या, पवनीजवळची. एक डोंगा प्रवाहाच्या दिशेने ३० किलोमीटर ३ तासांत जातो आणि तेच अंतर परत यायला त्याला ५ तास लागतात. संथ पाण्यात डोंग्याचा वेग किती, प्रवाहाचा किती? डोंग्याचा एक्स, प्रवाहाचा वाय. जाताना एक्स अधिक वाय बरोबर १०, येताना एक्स वजा वाय बरोबर ६. बेरीज केली की एक्स ८, वाय २. दोन चलांतील रेषीय समीकरणं, दोन मिनिटांचं काम.

आता हेच गणित जरा वेगळं विचारतो. संथ पाण्यात डोंग्याचा वेग ताशी ८ किलोमीटर आहे. ३० किलोमीटर जाऊन परत यायला एकूण ८ तास लागले. प्रवाहाचा वेग किती? डोंगा तोच, नदी तीच, उत्तरही तेच, २. पण इथे मांडणी होते ती अशी: ३० भागिले (८ + वाय), अधिक ३० भागिले (८ − वाय), बरोबर ८. छेद सारखे केले की ४८० भागिले (६४ − वायचा वर्ग) बरोबर ८, म्हणून वायचा वर्ग ४. वाय २ किंवा उणे २, आणि वेग उणे नसतो म्हणून २. हे वर्गसमीकरण झालं!

फरक कुठे पडला? पहिल्यात जायचा आणि यायचा वेळ वेगवेगळा दिला होता, दुसऱ्यात दोन्ही एकत्र करून दिला. 'एकूण' हा एक शब्द धडा बदलून गेला. सरावसंच सलग करणाऱ्याला हा शब्द दिसतच नाही, कारण त्याला तो बघायची गरज पडत नाही.

भूमितीत तर हे आणखी मजेदार आहे. तुमसरकडच्या एखाद्या राईस मिलचं धुराडं डोळ्यासमोर आणा. उंची काढायची आहे. दीड मीटर काठीची सावली २ मीटर पडते, त्याच वेळी धुराड्याची सावली २० मीटर. दोन त्रिकोण समरूप, उंची १५ मीटर. आता सावली काढून टाका. धुराड्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत २५ मीटरची तार ताणून बांधली आहे आणि तारेचं खालचं टोक बुडापासून २० मीटरवर आहे. पायथागोरस: ६२५ वजा ४०० बरोबर २२५, उंची १५. आता तारही काढा. बुडापासून १५ रूट ३ मीटरवर उभं राहून टोकाकडे बघितलं तर उन्नत कोन ३० अंश. टॅन ३० म्हणजे एक भागिले रूट ३, उंची पुन्हा १५. (बघणाऱ्याची स्वतःची उंची धरलेली नाही, हे उत्तरपत्रिकेतही लिहा.)

एकच धुराडं, तीन धडे. सावली दिली की समरूपता, तिरकी लांबी दिली की पायथागोरस, कोन दिला की त्रिकोणमिती. मी पोरांना सांगतो, भूमितीचं उदाहरण वाचलं की आधी सोडवू नका. काय दिलंय आणि काय दिलेलं नाही, एवढंच आकृतीवर लिहा. दहा उदाहरणांची नुसती ओळख करायची, सोडवायचं एकही नाही, हासुद्धा सराव आहे. पंधरा मिनिटं लागतात आणि बसमध्येही होतो.

अंकगणिताला दहावीत वेगळा धडा नाही, म्हणून लोक ते गृहीत धरतात. पण शेकडेवारी कच्ची असली की अर्थनियोजनात आपटता. धानाचं घ्या, आपल्याकडे घरोघरी आहे. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ धरतात. ४० क्विंटल धानाचा तांदूळ किती? २६.८ क्विंटल, हे सगळ्यांना येतं. उलट विचारा: २०.१ क्विंटल तांदूळ मिळाला तर धान किती होतं? निम्मा वर्ग ३३ टक्के वाढवतो आणि २६.७३ लिहितो. खरं उत्तर ३०. तूट धानावरची आहे, तांदळावरची नाही! ६७ टक्के म्हणजे २०.१, तर १०० टक्के किती, असं विचारायचं.

आणि हीच चूक जीएसटीत होते. कर धरून बिल ११८० रुपये, दर १८ टक्के, मूळ किंमत किती? ११८० मधून त्याचेच १८ टक्के वजा केले की ९६७ रुपये ६० पैसे येतात, चूक. मूळ किंमत १०००. ज्याला धानाचं गणित नीट कळलं त्याला जीएसटीचं वेगळं शिकवावं लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

सांख्यिकीत ओळखायचं कमी असतं, प्रश्नातच मध्य, मध्यक की बहुलक ते लिहिलेलं असतं. तिथे मार्क जातात ते सूत्रात चुकीचा आकडा टाकल्यामुळे. सरावासाठी मी केलेली आकडेवारी घ्या: ५० शेतकऱ्यांचं एकरी उत्पादन क्विंटलमध्ये. ८ ते १२ मध्ये ६ जण, १२ ते १६ मध्ये १४, १६ ते २० मध्ये २०, २० ते २४ मध्ये १०. मध्यक काढायचा. ५० चे निम्मे २५. संचित वारंवारता ६, २०, ४०, ५०. पंचविसावा १६ ते २० या वर्गात. मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यायची, म्हणजे २०. १६ अधिक (२५ − २०) भागिले २० गुणिले ४, उत्तर १७. घाईत २० ऐवजी ४० घेतलं की उत्तर १३ येतं. आता १३ हे १६ ते २० मध्ये बसतं का? नाही. म्हणजे चुकलं, गाईड उघडायची गरजच नाही. याच आकड्यांचा मध्य आणि बहुलक काढून बघा. १६.७२ आणि १७.५ यायला हवेत.

आता मोबाईलचं. मोबाईल सोडा असं मी म्हणणार नाही, तुम्ही हे मोबाईलवरच ऐकताय. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अ‍ॅपवर जाता येतं. लाखांदूरच्या पोरीला नागपूरच्या क्लासइतकं साहित्य मिळतं, हे आमच्या वेळी नव्हतं. पण सोडवलेल्या उदाहरणाचा व्हिडिओ बघणं म्हणजे दुसऱ्याची रोवणी धुऱ्यावर बसून बघणं. सगळं समजतं, पण पाय चिखलात नसतात. प्रश्न दिसला की व्हिडिओ थांबवा. वहीत निदान दोन ओळी लिहा: काय दिलंय, काय काढायचंय, कोणता धडा वाटतो. मग पुढे चालवा. तुमचा अंदाज चुकला तरी चालेल, तो आधी लिहिलेला पाहिजे.

मिसळायचं कसं? सोपं आहे. प्रत्येक धड्याच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो. भाग १ आणि भाग २ मधल्या झालेल्या धड्यांतलं एकेक उदाहरण चिठ्ठीवर उतरवा, धड्याचं नाव न घालता, मागे फक्त पान क्रमांक. चिठ्ठ्या डब्यात टाका, रोज पाच काढा. चुकलेली चिठ्ठी परत डब्यात जाते. आणि चूक कसली ते लिहून ठेवा, कारण प्रत्येकीचं औषध वेगळं आहे. धडा ओळखला नाही, तर ओळखायचा सराव वाढवा. धडा ओळखला पण रीत आठवली नाही, तर त्या धड्याचा सरावसंच सलग करा, तिथे सलगच हवा. आकडेमोड चुकली तर पाढे, वर्ग आणि अपूर्णांक, तिथे मला दुसरा उपाय माहीत नाही.

डिसेंबरनंतर पूर्ण पेपर सोडवायला घ्या. ४० गुण, २ तास, म्हणजे एका गुणाला ३ मिनिटं. तीन मार्कांच्या उदाहरणावर पंधरा मिनिटं गेली तर पुढच्या दोन मार्कांचा वेळ गेला, हे घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. अडलं तरी समीकरण मांडून ठेवा, पायऱ्यांना गुण असतात.

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई आणि रात्रभराचं झाडीपट्टी नाटक असतं, तेव्हा अभ्यास कसा करायचा असा प्रश्न एकाने पाठवलाय. एखादं नाटक बघून या की! रोज पाच चिठ्ठ्या म्हणजे पाऊण तास. गावोगावच्या सगळ्याच मंडया फिरायच्या असतील तर मात्र मी काही बोलत नाही. आयटीआय असो की पॉलिटेक्निक, गुणवत्ता यादी दहावीच्या मार्कांवर लागते आणि त्यात गणिताचे १०० आहेत: दोन पेपरांचे ४०-४०, अंतर्गत मूल्यमापनाचे २०.

आजच्या दोन चिठ्ठ्या. पहिली: एका आयताकृती बांधीची लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने जास्त आहे आणि कर्ण ५० मीटर आहे, तर लांबी-रुंदी काढा. दुसरी: गोदामात धानाच्या पोत्यांची थप्पी लावली आहे. सगळ्यात खालच्या थरात १८ पोती, त्यावर १७, त्यावर १६, असं करत एकूण १५६ पोती बसली. थर किती झाले आणि सगळ्यात वर किती पोती आहेत? दुसऱ्यात थरांची दोन उत्तरं येतील, एक टाकून द्यावं लागेल. का टाकलं तेही लिहून पाठवा.

दोन्ही गणितांना एका धड्याने भागत नाही. कोणकोणते लागतात ते सांगणार नाही. उत्तरं पुढच्या भागात.