आवाज नको, संवाद वाढवा
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांत घरोघरी होम थिएटर आलं. पण आम्हा ज्येष्ठांची तक्रार एकच : गाणं कानठळ्या बसवतं, बोलणं मात्र कळत नाही. त्यात आपल्या यवतमाळचा उन्हाळा, कूलरची घरघर! मग रिमोट दाबायचा, अन् वरच्या मजल्यावरचं लेकरू दचकून उठतं.

उपाय फुकटचा आहे. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तो शोकेसच्या कप्प्यात आत ढकलू नका. टीव्हीखाली, कप्प्याच्या कडेशी ठेवा, तोंड कानांकडे करा. रिसीव्हरच्या मेन्यूत फक्त सेंटरची लेव्हल २-३ डेसिबल वाढवा. ‘नटसम्राट’सारखा संवादांवर उभा असलेला सिनेमा मग नीट समजतो.

प्रत्येक स्पीकरचं बैठकीपासूनचं अंतर टेपने मोजून मेन्यूत भरा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. अंतर बरोबर भरलं, तर सगळ्या स्पीकरचा आवाज एकाच वेळी कानी येतो.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की जास्त घुमतो, आणि तो घुमारा भिंती-स्लॅबमधून शेजारी पोचतो. त्याला कोपऱ्यातून बाहेर काढा, खाली जाड रबर घाला. रात्री नाइट मोड लावा. तो धडाम्-धुडूम दाबतो, हळू बोलणं वर आणतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे. पण आपल्याकडे नियमाआधी शेजार येतो. भिंती सामाईक आहेत, झोपही सांभाळू या.